नोनॉयचा गुडघा आणि अलिंग इस्यांगचं तोंड

किडलाट ह्या आपल्या लाडक्या बास्केटबॉल टीमची मॅच असली की अलिंग इस्यांग आधी देवाला तयार करायची. तिच्या घरातल्या फळीवर बाळ येशूची हातभर मूर्ती होती. एरवी मूर्तीच्या अंगावर लाल मखमलीचा झगा असे. मॅचच्या दिवशी तो उतरायचा आणि किडलाटचा पिवळा झगा चढायचा, तिने स्वतः शिवलेला, पाठीवर सात नंबर असलेला. पाद्रीबाबांनी एकदा तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अलिंग इस्यांग, देवाला कुणाची बाजू घ्यायला लावता?"

"बाजू कुठे घ्यायला लावते, फादर? आपलं कोण आणि परकं कोण, एवढी आठवण करून देते."

सात नंबर नोनॉय कातुबिगचा. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटावरून आलेला कोळ्याचा पोरगा. बास्केटखाली चार धिप्पाड गडी उभे असले तरी त्यांच्या डोक्यावरून जायचा आणि चेंडू अलगद आत सोडून यायचा. मालाबोन शहरातल्या अलिंग इस्यांगच्या गल्लीत विजेच्या खांबाला ठोकलेल्या कडीखाली जो कुणी उडी मारी, तो उडी मारताना त्याचंच नाव ओरडे. मग तो चेंडू खांबाला लागो नाहीतर शेजाऱ्याच्या कोंबड्याला.

अलिंग इस्यांग, म्हणजे गल्लीची इस्यांगमावशी, हिलोत होती. मुरगळलेले पाय, सरकलेले खांदे, धरलेल्या पाठी खोबरेल आणि आलं लावून चोळून सरळ करणारी. ती पायाळू जन्मली होती, त्यामुळे हा गुण तिच्या हाताला आपोआपच आला, असं गल्लीचं म्हणणं, आणि तिचंही. नवरा पाब्लिंग तीनचाकी चालवायचा. लग्नानंतर त्याने बायकोला ना सिनेमा दाखवला ना समुद्र. थेट क्युबाओच्या स्टेडियममध्ये नेऊन सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त जागी बसवलं. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. पण त्या दिवशी ती जी ओरडली, ती पुढची पस्तीस वर्षं ओरडतच राहिली. पाब्लिंग गेला, वरच्या बाकावरची त्याची जागा रिकामी झाली, तरी तिचं ओरडणं थांबलं नाही. उलट आता ती दोघांच्या वाटचं ओरडायची.

लोकांचे पाय चोळून चोळून तिने एकुलत्या एक लेकीला शिकवलं. लीझेल फिजिओथेरपिस्ट झाली आणि काय नशीब पाहा, नोकरी लागली ती किडलाटमध्येच! त्या दिवशी अलिंग इस्यांगने अख्ख्या गल्लीला शेवया खाऊ घातल्या. "हिलोतची पोरगी हिलोतच झाली," ती ज्याला त्याला सांगे, "फक्त पांढरा कोट घालून." लीझेलला हे मुळीच आवडत नसे. पण आईपुढे कोण बोलणार?

आणि मग नोनॉय पडला.

कुणी धक्का दिला नव्हता की काही नाही. हवेतून खाली आला, डावा पाय टेकला आणि तिथेच बसला. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं. त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं आणि टीमकडून एकच शब्द ऐकू येत होता, 'मलापित ना'. म्हणजे आलंच, जवळ आलं, झालंच आता. आमच्याकडे हा शब्द फार स्वस्त आहे. जी बाई अजून न्हाणीघरात बसलीय ती फोनवर सांगते, मलापित ना. ज्या तीनचाकीवाल्याला पत्ताच सापडलेला नाही तोही सांगतो, मलापित ना. पावसाळ्यात मलापित ना होतं, नाताळात मलापित ना होतं, ईस्टर आला तरी मलापित नाच!

"मलापित ना म्हणे!" शेजारचा न्हावी मांग तुरिंग, म्हणजे तुरिंगकाका, गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून ओरडायचा. "गाढवाला शिंगं फुटतील, पण ह्या पोराचा गुडघा काही बरा होत नाही! इस्यांग, तुझी लेक करते काय तिथे? नुसती शिट्टी वाजवते का?"

"मला काय विचारतोस? ती घरी तोंड उघडेल तर ना! म्हणते, नानाय, ही आतली गोष्ट आहे."

"आईला आतली गोष्ट सांगत नाही?"

"आईला नाही सांगत, मग तुला कुठून सांगणार? आधी त्या माणसाचा कान सांभाळ."

पण आतून तिलाही तोच प्रश्न सतावत होता. एवढा वेळ कशाला लागतो?

उत्तर तिला एका फोटोत मिळालं. टीमनेच तो टाकला होता. सराव संपलाय, नोनॉय घामाने निथळतोय आणि एका मोठ्या टबात कमरेपर्यंत बर्फात बसलाय! तापलेल्या अंगावर बर्फ! तो फोटो गल्लीत पोचला आणि सगळ्या बायका घराबाहेर आल्या. अहो, आमच्याकडे इस्त्री करून उठलेली बाई हातावर गार पाणी घेत नाही. दिवसभर चालून आलेला माणूस लगेच पाय धूत नाही. तापलेल्या नसांना गारवा लागला की पास्मा होतो, हात थरथरतात, सांधे धरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि इथे फिलिपिन्सचा सगळ्यात महागडा गुडघा रोज बर्फात बुडवतायत!

"पास्मा!" अलिंग इस्यांगने छाती बडवली. "त्याला पास्मा झालाय! वर्षभर रोज नव्याने पास्मा करतायत, मेले!"

तिचा पारा असा चढला की तिने रेडिओवरच्या दुपारच्या खेळांच्या कार्यक्रमाला फोन लावला. लागला, हेच दुर्दैव. "ज्यांनी त्या पोराला बर्फात बसवलं ना," ती देशभर ऐकू जाईल अशी कडाडली, "त्यांना आधी बर्फात बसवा! डोक्यावरसुद्धा ठेवा, म्हणजे अक्कल ताजी राहील! एका आठवड्यासाठी तो गुडघा माझ्या हाती द्या. धावत नाही आला तर नाव बदलीन!"

निवेदक हसून हसून बेजार झाला. गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत तो आवाज सगळ्यांच्या मोबाइलवर वाजत होता. नोनॉयला बर्फात बसवणारे कोण, ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रागाच्या भरात 'ते' म्हणजे कुणीतरी दुसरेच, असं तिला वाटलं होतं.

रविवारी लीझेल आली. शूज काढले, पानावर बसली, मासळीचं आंबट कालवण भातावर घेतलं आणि खाली मान घालून जेवत राहिली. शेवटी लेक बोलली.

"मॅनेजरने सगळ्यांसमोर लावलं ते."

"काय लावलं?"

"तुझा फोन. आवाज ओळखला सगळ्यांनी. म्हणाले, हिच्या घरच्यांचाच हिच्यावर विश्वास नाही." तिने ताट बाजूला सारलं. "नानाय, त्याला बर्फात बसवणारी मी आहे. दुसरं कुणी नाही, मीच."

"अगं, पण पास्मा..."

"पास्मा नसतो गं! गुडघा ठीक आहे. पाय अजून तयार नाही, एवढंच. डाव्या पायावर उतरायची वेळ आली की तो शेवटच्या क्षणी वजन उजवीकडे टाकतो. कुणाला दिसत नाही, मला दिसतं. सेमीफायनलची शेवटची मॅच येत्या रविवारी आहे. मॅनेजर म्हणतात, शुक्रवारी त्याला 'हो' म्हण, नाहीतर तुझं काय करायचं ते आम्ही बघतो. डॉक्टर म्हणतात, रोज तू त्याच्याबरोबर असतेस, तूच सांग."

"मग म्हण की हो! पोर तरणाबांड आहे, देव पाठीशी आहे..."

लीझेलने वाक्य पुरं ऐकलंच नाही. लेक उठली, शूज चढवले आणि नुसतं "येते" म्हणून दारासमोरचं गटार ओलांडून गेली.

हे गटार गल्लीच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यावरच्या फरशा एका पुरात वाहून गेल्या त्या गेल्याच. दोन हात रुंद, घराकडची बाजू वीतभर उंच, गल्लीकडची खाली. घरातून निघालं की उडी मारायची आणि एका पायावर उतरायचं. गरोदर बाया मारत, दारू प्यालेले मारत, एकसष्ट वर्षांची अलिंग इस्यांग हातात गरम तेलाची कढई घेऊन मारे. कुणाच्या मनातही येत नसे की ही उडी आहे.

गुरुवारी दुपारी गल्ली उन्हाने पेंगत होती. दारावर टकटक झाली. तिने उघडलं तर समोर नुसती छाती दिसली. तोंड बघायला मान वर करावी लागली. डोक्यावर टोपी, त्यावर जाकिटाची टोपी, तोंडाला मास्क. त्याने मास्क खाली केला.

"नानाय, आत येऊ?"

नोनॉय कातुबिग! तिच्या दारात! तिला नानाय, आई म्हणत होता! अलिंग इस्यांगने एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने तोंड. कारण ते आता उघडलं तर अख्खं मालाबोन जमा होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो वाकून आत आला, तरी दिव्याला डोकं आपटलंच. फळीवरच्या येशूला रविवारच्या मॅचसाठी आधीच पिवळा झगा चढला होता. त्याने तो पाहिला, डोकावून पाठीवरचा सात नंबर पाहिला आणि लहान पोरासारखा हसला. तिने तळलेल्या केळ्यांचे रोल पुढे ठेवले, आल्याची पेज ठेवली, शेजारणीकडून उसनं अंडं आणून ठेवलं. सगळं त्याने संपवलं.

"माझी आजीपण हिलोत होती," तो म्हणाला. "रेडिओवर तुमचं ऐकलं आणि तिचीच आठवण आली. नानाय, तुम्ही म्हणालात ना, गुडघा माझ्या हाती द्या? घ्या. हा आणलाय."

त्याने पँट वर केली. गुडघ्यावर लांबलचक वण होता. तिने तेल गरम केलं, हातावर घेतलं, चोळू लागली. खरं सांगायचं तर त्या हातांना काहीएक कळत नव्हतं. आनंदाने ते इतके थरथरत होते की जणू तिलाच पास्मा झाला होता. मनात एकच चाललं होतं, पाब्लिंग, बघतोयस ना? वरून मुंगीएवढा दिसायचा, तो आता माझ्या पाटावर बसलाय!

"उद्या लीझेल ठरवणार," नोनॉय हळूच म्हणाला. "ती फार कडक आहे. पण तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा तिला, मी चोळून पाहिलाय, बरा आहे. लोक किती शिव्या देतात ठाऊक आहे? म्हणतात, बसून पगार खातो. मला आता बाकावर बसवत नाही, नानाय."

त्याचे डोळे भरून आले होते. तिचेही आले. "सांगते," ती म्हणाली. "आजच सांगते. रविवारी तू खेळणार, लेकरा! मी सगळ्यात वर बसलेली असेन, पण आवाज माझाच ऐकू येईल बघ."

"तो तर देशाला ऐकू येतो," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

तो निघाला. ती दारात उभी राहिली. नोनॉय गटाराच्या काठावर आला, डावा पाय पुढे टाकायला उचलला आणि थांबला. क्षणभरच. पाय परत मागे घेतला, मग अंग जरा वळवून उजवा पुढे टाकला आणि उजव्यावर उतरला. मागे वळून हात हलवला आणि कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

अलिंग इस्यांग दारातच उभी राहिली. चार गड्यांच्या डोक्यावरून जाणारा हा माणूस. आणि दोन हातांच्या गटाराला घाबरला. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ह्यात हिलोतपणा काही नव्हता, कुणालाही दिसलं असतं. मांग तुरिंगलासुद्धा. लीझेल म्हणाली होती तेच, शब्दाला शब्द.

बोलायचं ते बोलून बसली होती, पोराला शब्द देऊन बसली होती. गप्प राहिली तर रविवारी तो खेळेल, ती ओरडेल, गल्ली नाचेल. आणि तो एकदा डाव्या पायावर उतरला की काय होईल, ते तिला आत्ताच डोळ्यांसमोर दिसत होतं. हातावरचं तेल न पुसताच तिने फोन उचलला.

"काय?" लीझेलचा आवाज थकलेला होता. "पुन्हा तेच सांगणार असशील तर नको. मी उद्या हो म्हणणार आहे, नानाय. दमले मी. सगळे म्हणतात हो, तो म्हणतो हो, तू म्हणतेस हो. मीच कशाला वाईट व्हायचं?"

"हो म्हणू नकोस."

"काय म्हणालीस?"

"ऐकतेस ना? हो म्हणू नकोस! गटाराला घाबरला तो, लीझेल. आमच्या गटाराला! डावा टाकायला गेला आणि मागे घेतला. तू म्हणालीस तसंच."

"तो तुझ्याकडे आला होता?"

"आला होता, जेवला, गेला. मी त्याला सांगितलं, तुला हो म्हणायला लावते. आता तू नाही म्हण, आणि त्याला सांग, तुझी ती नानायपण नाहीच म्हणते. म्हणू दे त्याला मला खोटारडी." तेलकट हातातून निसटणारा फोन तिने घट्ट धरला. "आणि रेडिओवर बोलले ते... माझं चुकलं गं. बर्फ घाल, आग लाव, काय करायचं ते कर. तुला कळतं."

लीझेल रडत होती की हसत होती, ते फोनवर कळलं नाही.

रविवारी स्टेडियम असं भरलं होतं की भिंती बाहेर ढकलल्या जातील असं वाटावं. नोनॉय शर्ट-पँट घालून बाकावर आला आणि वरपासून खालपर्यंत एकच ओरडा झाला, "सात! सात! सात!" त्याने मान वर केली नाही. मॅच मात्र अशी झाली की सांगता सोय नाही! किडलाट बारा गुणांनी मागे, मग आठने, मग दोनने. लोक बाकांवर उभे, शेंगदाणे हवेत, मांग तुरिंग अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडतोय. शेवटच्या क्षणी चेंडू कडीवर नाचला, एकदा, दोनदा, आणि बाहेर पडला. एका गुणाने हरले.

मग मांग तुरिंग उठला. "नोनॉय असता तर तो आत गेला असता! कोण ती बया, त्याला बसवून ठेवणारी? समोर आणा तिला!"

आजूबाजूचे पन्नास जण त्याच्या सुरात सूर मिसळू लागले. अलिंग इस्यांग बाकावर चढली. पस्तीस वर्षांचं तापलेलं ते नरडं.

"ती माझी लेक आहे! लीझेल तिचं नाव! आणि त्याला बसव असं तिला सांगणारी मी! कुणाला काय बोलायचंय ते इकडे बोला!"

ह्या बाईच्या तोंडी लागायला कुणी धजावलं नाही. पण परतीच्या जीपनीत तिच्याशी कुणी बोललं नाही. पुढे कित्येक दिवस गल्लीतले मुरगळलेले पाय दुसऱ्या गल्लीतल्या हिलोतकडे गेले. लीझेलची नोकरी राहिली, कारण डॉक्टर तिच्या पाठीशी उभे राहिले. मॅनेजर मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. नोनॉयचा तर फोनही आला नाही. ते अलिंग इस्यांगला सगळ्यात जास्त लागलं. रोज मांग तुरिंग दुकानाच्या दारातून विचारी, "काय इस्यांग, कधी येतोय तुझा सात नंबर?"

आणि ती, ज्या शब्दाच्या नावाने वर्षभर बोटं मोडली होती तोच शब्द गिळून बाहेर काढी. "मलापित ना."

"हा हा! ऐका रे, ही पण!"

पावसाळा गेला. नवा मोसम तोंडावर आला. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी गोंधळ झाला आणि तो जवळ जवळ येत गेला. अलिंग इस्यांग दारात आली. पुढे नोनॉय, आज ना टोपी ना मास्क, हातात केळ्यांचा भला मोठा घड. शेजारी लीझेल. मागे अख्खी गल्ली, अर्ध्या गालाला फेस लावलेलं मांग तुरिंगचं गिऱ्हाईकसुद्धा.

नोनॉय गटार ओलांडून आत आला, घड तिच्या पुढ्यात ठेवला. "नानाय, मी तुमच्यावर फार रागावलो होतो."

"माहितेय. अजून आहेस?"

"आता नाही." तो दाराकडे वळला. "पण आज एक दाखवायला आलोय."

तो गटाराच्या काठाशी गेला. गल्लीला काही कळलं नाही. ते गटार, त्यात काय बघायचं? फक्त आई आणि लेक दोघींना कळलं. नोनॉयने डावा पाय पुढे उचलला आणि त्या क्षणी अलिंग इस्यांगने दोन्ही डोळे गच्च मिटले. पस्तीस वर्षांत शेवटच्या चेंडूलासुद्धा तिने डोळे मिटले नव्हते.

धप्प! गल्ली ओरडली.

तिने डोळे उघडले. तो पलीकडे उभा होता, एकट्या डाव्या पायावर, हात पसरून, दात काढून हसत.

"मी पाहिलंच नाही!" ती किंचाळली. "अरे देवा, मी पाहिलंच नाही! पुन्हा मार!"

"पुन्हा! पुन्हा!" गल्लीने उचलून धरलं. मांग तुरिंग तर वस्तरा नाचवत होता.

नोनॉय हसत परत यायला निघाला. तेवढ्यात लीझेलने नुसता हात वर केला. "आज एवढंच."

मग मांग तुरिंग कुरकुरला, "अगं, एक उडी! एका उडीने काय होतंय?"

अलिंग इस्यांग कमरेवर हात ठेवून गटाराच्या काठावर आली आणि अख्खं मालाबोन दणाणेल अशी ओरडली, "बहिरे झालात का रे? माझी लेक म्हणाली ना, आज एवढंच!"